पेढीतून पाठशाळेकडे

मोठ्या पगाराचे अधिकारपद सोडून एखादा गृहस्थ धर्माच्या अभ्यासाकडे वळला, की प्रथम चर्चा होते ती त्याच्या त्यागाची. सुटलेला पगार आणि गेलेला मानमरातब यांचा हिशेब मांडला जातो आणि वैराग्याचे उदाहरण म्हणून त्याचे नाव घेतले जाते. या कौतुकात एक महत्त्वाची गोष्ट निसटते. अशा माणसाने मागे काय टाकले यापेक्षा तो सोबत कोणता प्रश्न घेऊन आला, हे समाजाच्या दृष्टीने अधिक मोलाचे असते.

डेव्हिड मिलर या अमेरिकी अभ्यासकाचा प्रवास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. आय. बी. एम. कंपनीत आणि पुढे लंडनच्या वित्तक्षेत्रात वरिष्ठ पदांवर काम केल्यानंतर त्यांनी प्रिन्स्टन येथील सेमिनरीत, म्हणजे ख्रिस्ती धर्मोपदेशक घडविणाऱ्या विद्यालयात, विद्यार्थी म्हणून प्रवेश घेतला आणि तेथेच डॉक्टरेट मिळविली. नंतर येल विद्यापीठाच्या ईश्वरविज्ञान विद्यालयात त्यांनी व्यवसायनीतीचे अध्यापन केले आणि २००८ मध्ये ते प्रिन्स्टन विद्यापीठात आले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गॉड ॲट वर्क’ या त्यांच्या ग्रंथाचा विषय आहे तो रविवारचे प्रवचन आणि सोमवारचे कार्यालय यांमधील दरी. माणसाचे अर्धे आयुष्य ज्या कामात जाते त्या कामाविषयी चर्च आणि सेमिनरी बहुधा मौन पाळतात. म्हणून नोकरदार आणि व्यावसायिक यांनी आपली चळवळ बव्हंशी चर्चच्या बाहेरच उभी केली, असे त्यांचे प्रतिपादन आहे. ताळेबंद वाचता येणारा अध्यापक सेमिनरीत का हवा, याचे उत्तर यात आहे.

परंतु येथे एक शंका उपस्थित होते. कार्यालयात श्रद्धावान माणसे बसली म्हणजे कार्यालय नीतिमान होते काय? स्टीफन ग्रीन हे १९८८ पासून दीक्षित धर्मोपदेशक होते. देव आणि धन यांच्या सेवेतील द्वंद्वावर त्यांनी १९९६ मध्ये पुस्तकही लिहिले होते. तेच पुढे एच. एस. बी. सी. या बलाढ्य बँकेचे मुख्य अधिकारी आणि २००६ ते २०१० या काळात अध्यक्ष झाले. मेक्सिकोतील अमली पदार्थांच्या व्यापाऱ्यांचा काळा पैसा या बँकेतून वाहत होता, तो याच दशकात. त्या प्रकरणी अमेरिकी शासनाशी तडजोड करताना डिसेंबर २०१२ मध्ये बँकेला सुमारे १९० कोटी डॉलर मोजावे लागले. ग्रीन यांच्या व्यक्तिगत सचोटीविषयी संशय न घेताही एवढे म्हणता येते, की शिखरावरील एका माणसाची श्रद्धा तळापर्यंत झिरपतेच असे नाही.

याचे कारण कंपनीच्या घडणीत आहे. १८९६ मध्ये सॉलोमन खटल्यात इंग्लंडच्या उमराव सभेने कंपनी ही तिच्या भागधारकांहून वेगळी, स्वतंत्र व्यक्ती असल्याचे निःसंदिग्धपणे मान्य केले. भारतातील कंपनी कायदाही याच तत्त्वावर उभा आहे. ही कायदेशीर व्यक्ती मालमत्ता बाळगते, करार करते, फिर्याद लावते. तिला सदसद्विवेकबुद्धी मात्र कोणत्याही कायद्याने दिलेली नाही. कारकून टिपण तयार करतो, अधिकारी शेरा मारतो, संचालक संमती देतात. प्रत्येकाच्या हातून कामाचा एक लहानसा तुकडा पार पडतो आणि अखेरीस घडलेल्या अन्यायाचा कर्ता कोणीच उरत नाही.

नेमका हाच प्रश्न जस्टिन वेल्बी यांनी सेमिनरीत नेला. फ्रान्समधील एल्फ आणि लंडनमधील एंटरप्राइझ ऑइल या तेल कंपन्यांत ११ वर्षे काम करून, खजिनदाराचे पद सोडून, ते १९८९ मध्ये डरॅम येथे ईश्वरविज्ञान शिकू लागले. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता, ‘कंपन्या पाप करू शकतात काय?’ पापाचा विचार व्यक्तीच्या आत्म्यापुरता करण्याची सवय असलेल्या विद्येला कंपनीच्या खजिनदाराने विचारलेला हा प्रश्न नवा होता.

या प्रश्नाने पुढे त्यांचीही पाठ सोडली नाही. कॅंटरबरीचे आर्चबिशप झाल्यावर जुलै २०१३ मध्ये त्यांनी वोंगा या सावकारी कंपनीविरुद्ध मोहीम जाहीर केली. या कंपनीच्या कर्जाचा वार्षिक दर ५ हजार टक्क्यांहून अधिक होता. लगेच उघड झाले, की त्यांच्याच चर्चच्या निधीतील सुमारे ७५ हजार पौंड आडवळणाने त्याच कंपनीत गुंतले आहेत. ती गुंतवणूक काढून घेण्यास वर्ष लागले. पुढे याहूनही दारुण प्रसंग आला. जॉन स्मिथ या इसमाने मुलांवर केलेल्या अत्याचारांची हाताळणी चर्चने कशी केली, यासंबंधीचा चौकशी अहवाल नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. २०१३ मध्येच रीतसर तक्रार झाली असती तर गुन्हेगाराला न्यायासनासमोर आणता आले असते, असे त्यात म्हटले होते. वैयक्तिक आणि संस्थात्मक अशी दोन्ही प्रकारची जबाबदारी स्वीकारून वेल्बी यांनी पद सोडले. कंपनीला लावलेली कसोटी चर्चलाही चुकली नाही.

मिलर यांच्याविषयीही एक सावधगिरीची सूचना करावी लागते. २०१४ मध्ये सिटीग्रुप या बँकेने त्यांना नीतिविषयक सल्लागार म्हणून जवळ केल्याची वार्ता प्रसिद्ध झाली. पेढीतून पाठशाळेत गेलेला अध्यापक पुन्हा पेढीच्या दारी येतो, यात वावगे काही नाही. सल्ला जेथे हवा तेथेच तो द्यावा लागतो. मात्र सल्लागाराची उपस्थिती हे संस्थेचे भूषण ठरते, की तिच्या निर्णयांना बांध घालते, हे पारखून घेतलेच पाहिजे.

तात्पर्य, अशा प्रवासाचे मोल त्यागात शोधणे व्यर्थ आहे. ‘हे कोणी केले?’ असा प्रश्न निघाला असता प्रत्येक जण दुसऱ्या टेबलाकडे बोट दाखवितो, त्या वेळी व्यक्तीची आणि संस्थेची जबाबदारी वेगवेगळी मोजण्याचे शास्त्र कोणीतरी शिकविले पाहिजे. ते सेमिनरीत शिकविले जावे, वाणिज्य महाविद्यालयांतही शिकविले जावे. टिपणावर पहिली सही करणाऱ्या कारकुनाला त्याची गरज अध्यक्षापेक्षा कमी नाही.