विश्लेषण : मुलगी हुशार आहे, मग हार्वर्डची मेरिट स्कॉलरशिप का नाही?

अमेरिकेत पदवीसाठी जायचं ठरलं की यादीत सगळ्यात वर हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन ही नावं येतात. ‘मार्क चांगले आहेत, स्कॉलरशिप मिळेलच’ असं घरचे धरून चालतात. हिशेब चुकतो तो इथेच. आयव्ही लीगमधली आठही विद्यापीठं निव्वळ गुणवत्तेवर शिष्यवृत्ती देत नाहीत. एमआयटीही देत नाही. तिथे आर्थिक मदत भरपूर मिळते, पण ती कुटुंबाची ऐपत बघून. अर्ज करणारे जवळपास सगळेच हुशार असल्यावर हुशारीसाठी वेगळे पैसे मोजण्याची या विद्यापीठांना गरज काय?

मग देतं कोण?

ज्यांना हुशार मुलं आपल्याकडे ओढायची आहेत, ती कॉलेजं. अलाबामा विद्यापीठ हे ठळक उदाहरण. शाळेतले गुण आणि सॅट किंवा एसीटीचा स्कोअर यांवर किती रक्कम मिळेल, हे तिथे आधीच जाहीर केलेलं असतं. अनेक खासगी कॉलेजांची छापील फी डोळे पांढरे करणारी असते, पण तीतून मोठी सूट दिली जाते. तिलाच स्कॉलरशिप म्हणतात. व्हँडरबिल्ट, ड्यूकसारखी नामांकित विद्यापीठंही अशा शिष्यवृत्त्या देतात, पण मोजक्याच. त्यामुळे त्यांच्या भरवशावर बजेट आखणं म्हणजे बाजारात तुरी.

थोडक्यात, ज्या कॉलेजच्या सरासरी विद्यार्थ्यापेक्षा आपले गुण बरेच वर आहेत, तिथे शोधायचं. अनेक पालकांना हे कमीपणाचं वाटतं आणि ‘रँकिंग’ आडवं येतं.

नेमकं बघायचं कुठे?

बहुतेक कॉलेजं दरवर्षी ‘कॉमन डेटा सेट’ नावाचा अहवाल प्रसिद्ध करतात. कॉलेजच्या नावापुढे हे शब्द टाकून शोधलं की तो सापडतो. त्यातला ‘एच’ विभाग उघडा. आर्थिक गरज नसलेल्या किती विद्यार्थ्यांना मदत मिळाली आणि सरासरी किती, हे ‘एच२ए’मध्ये असतं. भारतीयांसाठी त्याहून महत्त्वाचा ‘एच६’, कारण परदेशी विद्यार्थ्यांना मदत मिळते का, हे तिथे कळतं. माहितीपत्रकातल्या हसऱ्या फोटोंपेक्षा हे दोन तक्ते जास्त बोलतात.

‘फुल ट्युशन’ या शब्दावर हुरळून जाऊ नका. राहणं, जेवण आणि आरोग्य विमा बहुतेकदा त्यात नसतो, आणि हा खर्चच वर्षाला लाखांत जातो. शिवाय पुढच्या वर्षी शिष्यवृत्ती चालू राहण्यासाठी ठरावीक जीपीए टिकवावा लागतो.

राहिला तारखांचा प्रश्न. अनेक कॉलेजांत मेरिट स्कॉलरशिपची मुदत नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच संपते. आपल्याकडे बारावीची बोर्डाची परीक्षाच त्यानंतर असते. म्हणजे बारावीचा निकाल हाती येईपर्यंत पैशांचा निर्णय होऊन गेलेला असतो, आणि तो होतो मुख्यतः नववी ते अकरावीच्या गुणांवर. आपल्याकडे अकरावी हे आरामाचं वर्ष मानलं जातं.