हजर २७

जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेवर नव्याने रुजू झालेल्या शिक्षकाला पहिल्या महिन्यात धास्ती असते ती मुलांची नव्हे, कागदांची. डी.एड.ला पाठ घ्यायला शिकवले, टाचण काढायला शिकवले. पण पोषण आहाराची नोंदवही, जनरल रजिस्टर, कीर्द, यू-डायस, आधार पडताळणी आणि रात्री साडेनऊला गटावर येऊन पडणारे ‘माहिती तात्काळ सादर करावी’ हे सगळे एका डोक्यात कसे मावावे, हे कुणी सांगितलेले नसते. समोर दोन-दोन इयत्ता बसलेल्या आणि गुरुजींच्या हातात मोबाईल. गणपती येईपर्यंत ते पोर मनाशी ठरवून बसते, की आपल्याला हे काम जमत नाही. बोलायचीही चोरी, कारण सोळा हजारांच्या मानधनावर शिक्षणसेवकाची तीन वर्षे काढायची असतात.

त्या पोराला सांगावेसे वाटते, की जमते. काम पसरलेले आहे म्हणून ते अंगावर येते.

माझ्या पहिल्या वर्षी तांदळाच्या नोंदी मी महिनाअखेरीस एकदम लिहायला बसलो. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला शंभर ग्रॅम, हिशेब सोपा. पण हजेरीनंतर चार-पाच मुले आईबरोबर बाजाराला कोणत्या मंगळवारी गेली आणि त्या दिवशी किती तांदूळ शिजायला दिला, हे तीस तारखेला कुठून आठवणार? पोते आणि वही यांत साडेचार किलोंचा फरक निघाला. आपल्यावर कुणी चोरीचा आळ घेईल या भीतीने दोन रात्री झोप लागली नाही. त्यानंतर स्वयंपाकाच्या ताई तांदूळ मोजून घेऊन गेल्या, की तिथेच उभ्या उभ्या लिहायचे: पट ३१, हजर २७, तांदूळ २ किलो ७०० ग्रॅम. अर्धे मिनिट लागते. ते अर्धे मिनिट त्या त्या दिवशी दिले, तर महिनाअखेरचा अख्खा रविवार घरच्यांना मिळतो.

वर्णनात्मक नोंदींचेही तेच. सत्र संपताना एका बैठकीत एकतीस मुलांच्या नोंदी लिहायला घेतल्या, की प्रत्येकापुढे ‘अभ्यासात प्रगती आहे’ उमटते. रोज शाळा सुटल्यावर दोनच मुलांविषयी एकेक ओळ लिहिली, तर सोळा दिवसांत सारा पट एकदा होतो. आणि ओळ खरी असते: ‘जोडाक्षराशी थांबते, पण चित्र बघून शब्द ओळखते.’ अशा ओळीवरून दुसऱ्या दिवशी काय शिकवायचे ते कळते. मूल्यमापनाचा मूळ हेतू हाच होता.

पण सगळा भार नव्या शिक्षकाच्या शिस्तीवर टाकणे अन्यायाचे होईल. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामांना शिक्षकाला जुंपायला मनाई केली. ‘शैक्षणिक’ म्हणून मागवल्या जाणाऱ्या माहितीला मात्र असा बांध नाही. यातली बरीचशी माहिती दरवर्षी ठरलेल्या वेळीच लागते. ३० सप्टेंबरच्या पटसंख्येवर संचमान्यता ठरते, हे मुरलेल्या मुख्याध्यापकांना पाठ असते. नव्या माणसाला ते सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात धावपळ करताना कळते. केंद्रप्रमुखांनी जूनच्या पहिल्याच शिक्षण परिषदेत वर्षभराच्या माहितीचे महिनावार पान त्याच्या हाती द्यावे. कोणती वही रोजची, कोणती महिन्याची, हे मुख्याध्यापकांनी चार्ज देताना शेजारी बसवून दाखवावे. तासाभराचे काम आहे. आणि एकदा दिलेली माहिती नमुना बदलून पुन्हा मागवणे वरच्यांनी थांबवावे. शिक्षकाचा खरा जीव त्यात जातो.

तोवर नव्या शिक्षकाने परिपाठानंतरचे दोन तास मोबाईल कपाटात ठेवावा. त्याच वेळी पहिलीतली एखादी मुलगी पाटीवरचा आपला पहिला ‘क’ दाखवायला टेबलापाशी येऊन उभी राहिलेली असते.