हेडफोन घेताना आधी कानाचा विचार

गेल्या महिन्यातल्या एका रविवारी आमचा भाचा सकाळीच घरी आला. चहा झाला, नाश्ता झाला, तरी उठेना. शेवटी हळूच म्हणाला, "मामा, तुम्ही आईला सांगा ना. मला हेडफोन पाहिजे. गेमसाठी आणि गाण्यासाठी. कान पूर्ण झाकणारा, मोठा."

आम्ही विचारले, "केवढ्याचा?"

"सहा हजारांचा," असे म्हणून तो खाली बघू लागला.

आमची धाकटी बहीण पोळीभाजी केंद्रात कामाला जाते. दाजींनी दारूखान्यात लोखंडाच्या कामात उभी हयात घालवली, आता ते घरीच असतात. रे रोड स्टेशनच्या जवळ दहा बाय बाराची खोली. मोठी मुलगी नर्सिंगच्या परीक्षेचा अभ्यास करते. अशा घरात सहा हजारांचा हेडफोन म्हणजे पोरखेळ, असेच आमच्या मनात आले आणि आम्ही नाही म्हणणार होतो. पण संध्याकाळी बहिणीकडे गेलो आणि मत बदलले.

बहिणीला पहाटे चारला उठायचे असते, म्हणून ती नऊला आडवी होते. त्याच वेळी दाजींचा टीव्ही मोठ्याने चालू. भाची कानात कापूस घालून पुस्तकावर वाकलेली. भाच्याच्या मोबाइलवर बीजीएमआयच्या गोळ्या सुटत असतात. मग बहीण ओरडते, दाजी ओरडतात आणि पोरगा चप्पल घालून बाहेर निघून जातो. घरोघरी मातीच्या चुली. आपल्यापैकी कितीतरी कुटुंबांत रात्री हेच घडते. एका खोलीच्या घरात दुसरी खोली बांधता येत नाही. पण आवाजापुरती भिंत घालता येते, आणि ती भिंत म्हणजे चांगला हेडफोन. म्हणून हा विषय आज घेतला.

रे रोडची वस्ती मुळातच आवाजाची. कुर्ल्याहून हार्बरची गाडी इथे १९१० साली पहिल्यांदा आली. त्यावेळी रे रोड हेच शेवटचे स्टेशन होते. १९२५ साली मार्ग बोरीबंदरपर्यंत गेला आणि विजेची गाडी सुरू झाली. एका बाजूला रेल्वे, दुसऱ्या बाजूला बंदराकडे जाणारे ट्रेलर, आणि पलीकडे दारूखान्यात जहाजे तोडणारा घण. अशा ठिकाणी माणूस साधा हेडफोन लावतो, बाहेरच्या गोंगाटात काही ऐकू येत नाही, म्हणून आवाज वाढवतो. धोका इथेच सुरू होतो.

हेडफोनचे दोन प्रकार असतात. आतला पडदा थरथरतो तेव्हा आवाज कानाकडे जातो तसा मागच्या बाजूलाही जातो. ज्याच्या कपाची पाठ जाळीची असते, त्यातून तो आवाज बाहेर पडतो आणि बाहेरचा आत येतो. गाणे मोकळे वाटते, गेममध्ये मैदान मोठे वाटते, म्हणून शौकीन लोक तो पसंत करतात. पण त्यासाठी स्वतःची शांत खोली लागते. आपल्या घरात असा हेडफोन लावला तर शेजारी झोपलेल्या आईला सगळी लढाई ऐकू येईल. दुसरा प्रकार बंद पाठीचा. त्यात आतला आवाज बाहेर फारसा जात नाही आणि बाहेरचा आत कमी येतो. माणसांचे बोलणे, टीव्ही, भांड्यांचा आवाज चांगला अडतो. गाडीची खोल घरघर मात्र तितकी अडत नाही, हेही सांगून ठेवतो. एका खोलीच्या घराला बंद पाठीचाच घ्यावा.

आता खरेदीकडे वळू. दोन वर्षांपूर्वी आम्हीच फसलो होतो. पदपथावर मोठ्या कंपनीचे नाव छापलेला हेडफोन साडेतीनशेला मिळाला. महिनाभरात एक कान बंद पडला आणि गादीचे कातडे सोलून शर्टावर पडू लागले. परत गेलो तर विक्रेता जागेवर नव्हता, आणि पावती तर मुळातच नव्हती. त्यामुळे या वेळी भाच्याला घेऊन सरळ लॅमिंग्टन रोडला गेलो. या रस्त्याचे आजचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण इलेक्ट्रॉनिकचे गिऱ्हाईक जुनेच नाव घेते. चार दुकाने फिरून जे कळले ते असे.

पहिली गोष्ट, वायरचा की बिनवायरचा? गाण्यासाठी ब्लूटूथ चालते. गेमसाठी मात्र वायरच बरी. ब्लूटूथमध्ये आवाज सेकंदाच्या एक-दोन दशांशाने मागे राहू शकतो. चित्रपट पाहताना फोन चित्र थोडे थांबवून मेळ घालतो, गेममध्ये तसे करता येत नाही. शत्रूची पावले ऐकू येईपर्यंत गोळी लागलेली असते. शिवाय वायरच्या हेडफोनला बॅटरी नाही, म्हणजे दोन वर्षांनी बॅटरी मेली म्हणून फेकून देण्याची पाळी नाही. वायर कपातून निघणारी असेल तर उत्तम, कारण हेडफोन बहुतेकदा वायरीतच मरतो.

दुसरी गोष्ट, पिन. बऱ्याच नव्या फोनना गोल पिनेचे भोकच नसते. मग टाइप-सीचे जोडणीचे तुकडे घ्यावे लागतात. त्यात दोन जाती आहेत. एक नुसती तार, दुसरी आत चिप असलेली. काही फोनमध्ये नुसत्या तारेवर आवाजच येत नाही. म्हणून चिपवाली घ्यावी आणि दुकानातच आपला फोन लावून पाहावी. पिनेवर तीन काळ्या रेघा असतील तर माइक आहे, दोन असतील तर फक्त ऐकण्याचा. जुन्या संगणकाला माइक आणि स्पीकरची वेगळी भोके असतात. त्याला दोन फाट्यांचा तुकडा लागतो.

तिसरी गोष्ट, खोक्यावरचे आकडे. २० ते २०,००० हर्ट्झ जवळजवळ प्रत्येक खोक्यावर असते, त्यावरून काही ठरत नाही. पडदा ४० मिलिमीटरचा की ५० चा, यावरूनही चांगला-वाईट ठरत नाही. "७.१ आवाज" असे मोठ्या अक्षरात लिहिलेले असते, पण आत बहुधा दोनच पडदे असतात आणि बाकीची करामत सॉफ्टवेअरची. माणसाला कान दोनच आहेत. आवाज कोणत्या कानावर आधी आणि किती जोराने आला, यावरून मेंदू दिशा ओळखतो. चांगले दोन पडदे गेमला पुरतात. पाहण्यासारखा आकडा ओहमचा. साधारण १६ ते ६४ ओहमचा हेडफोन मोबाइलवर नीट वाजतो. २५० ओहमचा फोनवर मंदच वाजेल, त्याला वेगळे यंत्र लागते. सोनीचा एमडीआर-७५०६ हा बंद पाठीचा हेडफोन १९९१ पासून ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत वापरला जातो, तो ६३ ओहमचा आहे. ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम२०एक्स ४७ ओहमचा. या दोन्हींवर दिवे नाहीत, "गेमिंग" हा शब्द नाही, माइकही नाही. तरी गाण्याला आणि गेमला दोन्हीला चालतात. दिव्यांचे पैसे आवाजात जात नाहीत, एवढे लक्षात ठेवावे.

चौथी गोष्ट, कानावर बसणे. कप कानावर दाबून बसणारा नको, कान पूर्ण आत घेणारा हवा. दुकानात निदान दहा मिनिटे डोक्यावर ठेवावा. डोके दुखले, कान तापला, तर मे महिन्यात पत्र्याखाली तो कोणी वापरणार नाही. चष्मा असेल तर चष्म्यासकट लावून पाहावा. काडीमुळे गादी आणि गाल यांच्यात फट राहिली की खालचा, ढोलकीचा आवाज निघून जातो, आणि बाहेरचा गोंगाट आत येतो. गादी बदलून मिळते का, हे विचारावे. मुंबईच्या घामात नकली कातडे लवकर सुटते.

पाचवी गोष्ट, पावती. खोक्यावर कमाल किंमत, उत्पादकाचे किंवा आयात करणाऱ्याचे नाव-पत्ता आणि महिना-वर्ष छापलेले असायला हवे. नसेल तर हात जोडून निघावे. पक्की पावती मागायला लाजू नये. पावती असून दुकानदार ऐकत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

हे सगळे पाहिल्यावर भाच्याचा सहा हजारांचा आग्रह आपोआप गळाला. साडेसोळाशे रुपयांत वायरचा, माइकचा, कान झाकणारा, बंद पाठीचा हेडफोन मिळाला. पैसे बहिणीच्या भिशीतून आले. पोरगा दिवाळीच्या सुट्टीत काम करून त्यातले निम्मे फेडणार, असे ठरले.

आता जी गोष्ट सांगण्यासाठी खरे तर आम्ही लिहायला बसलो, ती सांगतो.

हेडफोन घरी आला तेव्हा दाजी म्हणाले, "आण इकडे, बघू तरी." पोराने कौतुकाने वडिलांच्या कानावर चढवला आणि एक जुने गाणे लावले. दाजी म्हणाले, "आवाज येत नाही रे. वाढव." त्याने वाढवला. "अजून." शेवटी आवाज पूर्ण झाला. बंद पाठीचा असूनही समोर बसलेल्या आम्हाला गाण्याचे शब्द कळत होते. दाजी मान डोलावत म्हणाले, "आता बरं वाटतंय." पोराने हेडफोन काढून स्वतःच्या कानाला लावला आणि चटका बसावा तसा दूर केला. तो काही बोलला नाही. बहिणीने तोंडाला पदर लावला. टीव्ही मोठ्याने लावतात म्हणून ती इतकी वर्षे भांडत होती. दाजींना ऐकूच येत नव्हते.

पुढच्या आठवड्यात सरकारी रुग्णालयात तपासणी झाली. दोन्ही कानांचे वरच्या पट्टीचे ऐकणे गेलेले. मोठ्या आवाजाने असेच होते. कानाच्या आत बारीक केसांसारख्या पेशी असतात, त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. आधी वरची पट्टी जाते. स, श, फ, थ ही अक्षरे निसटतात. बोलतोय हे कळते, काय बोलतोय हे कळत नाही. दुखत नाही, रक्त येत नाही, म्हणून वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही. घणाच्या आवाजात काम करताना दाजींना कधी कोणी कानाचे संरक्षक दिले नाही, आणि आपणही ते मागायचे असते हे आपल्याला कोणी सांगितले नाही.

जे घणाने झाले ते हेडफोननेही होऊ शकते. अमेरिकेतील कामगार-आरोग्य संस्थेचा हिशेब असा आहे: ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तास, त्यापुढे प्रत्येक ३ डेसिबल वाढीला वेळ निम्मा. म्हणजे ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, ९४ ला १ तास, १०० ला अवघी १५ मिनिटे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१९ साली हेडफोनसाठी मर्यादा सुचवली. मोठ्यांना आठवड्याला ४० तास ८० डेसिबल, मुलांना ७५. घरी डेसिबल मोजायचे यंत्र नसते. म्हणून सोपा नियम ठेवावा: आवाज निम्म्याच्या आसपास, तासाभराने कानाला विसावा. फोनमध्ये आवाजाला कुलूप घालायची सोय असेल तर ती लावावी. हेडफोन काढल्यावर कानात शीळ वाजत असेल, तर तो कानाचा निरोप समजावा. डीजेच्या भिंतीसमोर नाचून आल्यावर हीच शीळ येते, तीही हसण्यावारी नेऊ नये.

आणखी दोन सूचना. बंद पाठीचा हेडफोन हा कामावरचा कर्णरक्षक नव्हे. कारखान्यात, तोडकामात त्यासाठी बनवलेलेच साधन वापरावे. दुसरे, हा हेडफोन घराबाहेर नेऊ नये. कान बंद करून रूळ ओलांडणाऱ्याला गाडीचा भोंगा ऐकू येत नाही. रे रोडला राहणाऱ्यांना याहून अधिक सांगायला नको.

ज्यांच्या घरात टीव्हीचा आवाज दरवर्षी वाढतो आहे, "काय म्हणालास?" हा प्रश्न दिवसातून दहादा येतो आहे, त्यांनी भांडण्याआधी तपासणी करून घ्यावी. मोठ्या सरकारी आणि पालिकेच्या रुग्णालयांत कान-नाक-घशाचा विभाग असतो. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून याच कामासाठी आहे. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून श्रवणयंत्र मिळू शकते. त्याची चौकशी तिथेच करावी.

दाजींचे श्रवणयंत्राचे काम सुरू आहे. बहिणीच्या घरी आता टीव्हीची वेळ ठरली आहे. नऊ वाजले की भाचा हेडफोन लावतो, भाची कापूस काढून वाचत बसते. परवा गेलो तेव्हा भाच्याने फोन आमच्यापुढे धरला आणि म्हणाला, "मामा, बघा, आवाज निम्म्यावरच आहे." आम्ही पाहिले. खरोखरच निम्म्यावर होता.