कॉफी न पिणारा शिक्षक

एखादा शिक्षक कॉफी घेत नाही, धूम्रपान करीत नाही, पांढरा सदरा व टाय घालतो आणि त्याला सहा मुले आहेत. एवढ्या भांडवलावर अमेरिकेतील कित्येक विद्यार्थी ‘हा मॉर्मनच!’ असा निवाडा देऊन मोकळे होतात. पाठोपाठ कुचेष्टा येते : ‘बायका किती?’

वस्तुतः मॉर्मन चर्चने बहुपत्नीत्वाची प्रथा १८९० साली अधिकृतपणे सोडली. आज ती पाळणाऱ्यास त्या चर्चमध्ये स्थान नाही. मद्य, तंबाखू, चहा व कॉफी वर्ज्य करणारा त्यांचा नियम मात्र खरा. परंतु पित्ताने बेजार झालेला कॅथोलिकही कॉफी सोडतोच की! आणि सहा मुले आपल्या किती घरांत नव्हती?

ही निरुपद्रवी थट्टा आहे, असे कोणी म्हणेल. १९२८ साली अल स्मिथ हा कॅथोलिक गृहस्थ अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी उभा राहिला, तेव्हा तो पोपच्या तंत्राने राज्य करील, असा गवगवा झाला. त्या वेळी अशाच आडाख्यांचे लक्ष्य आपण होतो.

मॉर्मन शिकवण आपल्याला मान्य नाही. त्यांचा बाप्तिस्मा ग्राह्य नसल्याचे रोमच्या धर्मपीठाने २००१ साली स्पष्ट केले आहे. तो मतभेद उघडपणे मांडावा. परंतु शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष न देण्याची आठवी आज्ञा शेजाऱ्याचा पंथ विचारत नाही. पालकहो, शिक्षक शिकवतो कसा, एवढेच मुलांना पाहू द्या. धर्म त्याने स्वतः सांगितला, तर आदराने ऐकावा.