थंडीचें अत्तर : हिना कीं शालीमार ?

कार्तिकी सरली कीं आमच्या स्नेहमंडळांत एक वाद दरवर्षीं नव्यानें पेटतो. थंडींत अंगाला लावावें तें काय, हिना कीं शालीमार ? दोन्ही उष्ण, दोन्ही गोड. पण निकाल बहुधा नाकानें लागत नाहीं, बाटलीनें लागतो. हिना म्हणजे लग्नांतल्या पानसुपारीला मनगटावर फासावयाचें म्हाताऱ्यांचें अत्तर आणि शालीमार म्हणजे पॅरिसची अभिरुचि, असें आमच्या सुशिक्षितांनीं ठरवून टाकलें आहे. या ठरावास आमचा सक्त विरोध आहे.

झाक गेर्लां यांचें शालीमार १९२५ सालीं पॅरिसच्या सजावटकलांच्या प्रदर्शनांत लोकांपुढें आलें. नांव मोगलांच्या बागेचें; पण गोडीचें मर्म एथिल व्हॅनिलिन या प्रयोगशाळेंत जन्मलेल्या द्रव्यांत आहे. तें कृत्रिम म्हणून आम्ही नाक मुरडीत नाहीं. आरंभीं बर्गमॉट या लिंबाच्या जातीच्या फळाची तरतरी आणि मागून सावकाश येणारी व्हॅनिलाची ऊब, ही रचना खरोखर कुशल आहे. तक्रार इतकीच, कीं ही गोडी मिठाईच्या दुकानाभोंवतीं घुटमळते. तासाभरानें मन भरतें.

हिन्याची गोष्ट वेगळी. मेंदीच्या फुलांचें अत्तर तें निराळें. थंडीचा हिना मसाल्याचा. कनौजचे कारागीर तांब्याच्या देगेंत दगडफूल, नागरमोथा, जटामांसी, कपूरकचरी, लवंग, जायपत्री अशीं द्रव्यें पाण्यासह मंद आंचेवर तापवितात. वाफ बांबूच्या नळींतून जाऊन भपका नांवाच्या भांड्यांतल्या चंदनतेलांत उतरते, आणि हें काम कित्येक दिवस चालतें. यांतलें दगडफूल आमच्या गोड्या मसाल्यांतलेंच ! ज्याच्या आमटीची तोंड भरून स्तुति करावयाची, त्याच्याच अत्तराला 'औषधी वास' म्हणून हिणवावयाचें, हा कोठला न्याय ? हिन्याची गोडी आधीं लपलेली असते. मुळांचा कडवटपणा ओसरला कीं रात्रीं ती शालीच्या घडींतून हळूच वर येते, आणि सकाळींहि तेथेंच असते.

आतां आमच्याच पक्षाला दोन शब्द. 'देशी तें शुद्ध' ही समजूत बाळबोध आहे. चंदनतेल महागल्यापासून पुष्कळ अत्तरांचा पाया पातळ पॅराफिनचा असतो. गेल्या हिवाळ्यांत एका जुन्या ओळखीच्या दुकानांतून शपथेवर चंदनाचा म्हणून दिलेला हिना आम्ही आणला. निजावयाच्या आधींच वास बेपत्ता. २०१४ सालीं कनौजच्या अत्तराला भौगोलिक मानांकन मिळालें, तें योग्यच. परंतु तें प्रत्येक कुपीला जामीन राहत नाहीं. अशा नकली हिन्यापेक्षां शालीमार शतपटीनें प्रामाणिक, हें आम्ही मोकळेपणानें कबूल करतों.

खरा हिना मिळत असेल तर मात्र आमचें मत त्यालाच. पटत नसेल त्यानें दुकानांत उभ्या उभ्या हुंगून निर्णय देऊं नये. संध्याकाळीं एका मनगटाला हिना, दुसऱ्याला शालीमार लावावें आणि सकाळीं दोन्ही हुंगून पाहावीं. पांढऱ्या सदऱ्याला तेवढा हिना लावूं नये. डाग जात नाहीं, आणि त्यापायीं घरांत बोलणीं आम्हीं खाल्लेलीं आहेत.