वस्तादाविना तालीम

'व्यक्तिमत्त्व विकास' हा शब्द आता कसबा बावड्यालाही नवा राहिलेला नाही. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा पदवीधर, अभियांत्रिकीचा विद्यार्थी, दहावीतली मुलगी, या सर्वांना एकच उपदेश ऐकवला जातो: पहाटे उठा, ध्येय लिहून ठेवा, मनावर ताबा मिळवा, स्वतःला घडवा. या उपदेशातील एकेक शब्द निर्दोष आहे. दोष आहे तो त्यामागील गृहीतकात. माणूस एकट्याच्या निर्धारावर घडतो आणि घडला नाही तर तो अपराध सर्वस्वी त्याचाच, हे ते गृहीतक. ते खोटे आहे आणि निदान कोल्हापूरकरांनी तरी ते स्वीकारू नये.

राजर्षी शाहू महाराजांचा जन्म १८७४ साली याच बावड्यातील लक्ष्मी-विलास राजवाड्यात झाला. त्यांनी कुस्तीला आश्रय दिला असे आपण म्हणतो. म्हणजे नेमके काय केले? नुसता उपदेश केला नाही. मल्लांच्या खुराकाची सोय केली, तालमींना बळ दिले आणि १९१२ साली खासबागेचे मैदान उभे केले. प्रथम जागा, मग अन्न, मग गुरू. पराक्रमाची अपेक्षा त्यानंतर.

तालमीचा दिनक्रम पाहा. पहाटे जोर-बैठका काढायच्या, ताक, तेल, हळद घालून मुरवलेली तांबडी माती स्वतः खोऱ्याने उकरायची, मग जोडीदाराशी लढत. त्या मातीत कोणी 'एकाग्रता' या विषयावर बोलत नाही. लक्ष ढळले की पाठ मातीला लागते. मन भटकलेले वस्तादापासून लपत नाही आणि एखादा दिवस चुकवला तर सोबती जाब विचारतात. तेथील एकाग्रता पहिलवानाची असते हे खरे, परंतु ती सांभाळणारे हात अनेक असतात.

खाशाबा जाधवांचेच उदाहरण घ्या. १९५२ साली हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कागदोपत्री 'वैयक्तिक'! परंतु त्या प्रवासासाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवले होते. त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला असे वैयक्तिक पदक मिळायला ७२ वर्षे लागली. २०२४ साली पॅरिसमध्ये नेमबाजीत कांस्य मिळवणारा स्वप्नील कुसाळे राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा. २००९ साली तो शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला होता. त्याचे श्रम त्याचेच. पण त्या श्रमांना छप्पर होते.

यावर कोणी म्हणेल, तालमीचे एवढे गोडवे कशाला? तिचे दार मुलींना कुठे उघडे होते? आक्षेप रास्त आहे. परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष दार रुंद करण्याचा आहे, तालीम मोडण्याचा नव्हे. आज या जिल्ह्यातील मुली कुस्ती खेळतात आणि कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० साली नेमबाजीत जगज्जेती झाली, ते दार उघडल्यामुळेच.

चित्त विचलित होणे हा काही मोबाइलने लावलेला शोध नव्हे. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटातील मठवासी इव्हाग्रियस याने दुपारच्या वेळी ग्रासणाऱ्या अस्वस्थतेचे वर्णन करून ठेवले आहे: सूर्य जागचा हलत नाही असे वाटते, नजर पुन्हा पुन्हा खिडकीकडे जाते, हातातील काम नकोसे होते. तथापि त्या संन्याशाला सल्ला देणारा वडीलधारा जवळ असे आणि त्याच्या अस्वस्थतेवर कोणाचा धंदा चालत नसे. आज मुलाचे लक्ष जितका वेळ पडद्यावर खिळेल तितके जाहिरातींचे उत्पन्न वाढते. अनेक कुशल अभियंत्यांची बुद्धी त्या कामी लागलेली असताना सोळा वर्षांच्या पोराला 'मनावर ताबा ठेव' म्हणून एकटे सोडणे, ही निर्दयताच होय. तोच मोबाइल मग त्याला मनःशांतीचे धडेही देऊ करतो!

म्हणून पालकांनो, मुलांच्या इच्छाशक्तीची उलटतपासणी आता पुरे. आपल्या घरात असा एक तास आहे का, ज्या वेळी वडीलही मोबाइल बाजूला ठेवतात? गल्लीत दिवे, बाके आणि शांतता असलेली एक खोली आहे का? सभागृहे बांधण्यासाठी आपण वर्गण्या काढतो. ती लग्नकार्य नसेल तेव्हा कुलूपबंद का असतात? संध्याकाळी दोन तास ती अभ्यासिकेसाठी उघडावीत आणि निवृत्त शिक्षकांनी पाळीपाळीने तेथे बसावे. शिकवले नाही तरी चालेल. समोर बसून स्वतःचे पुस्तक वाचावे. वस्ताद सदैव डावच शिकवतो असे नाही. त्याचे तेथे असणे हीच अर्धी तालीम असते.

एवढे केल्यानंतरही मुलगा आळसावला, तर त्याला खुशाल दोष द्या. तोपर्यंत तो अधिकार आपला नाही.