मुलांचा घरचा अभ्यास व पालकांचें कर्तव्य

दिवेलागणीच्या सुमारास नायगांवांतून एखादा फेरफटका करावा, तों घरोघर मुलांच्या घोकंपट्टीचा आवाज कानीं येतो. एकच उतारा दहा वेळां मोठ्यानें वाचावयाचा, आणि दुसरे दिवशीं शाळेंत उभें केलें असतां त्यांतील पहिलें वाक्यही आठवूं नये, हा अनुभव कोणास नाहीं? मग "पोराचें डोकेंच चालत नाहीं" असा निवाडा देऊन आईबाप मोकळे होतात, किंवा पोटाला चिमटा घेऊन त्यास शिकवणीच्या क्लासांत घालतात. हा निवाडा आम्हांस सर्वस्वीं अन्यायाचा वाटतो.

विसरणें हा मुलाचा अपराध नव्हे; तो मनाचा धर्मच आहे. हर्मन एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञानें स्वतःवरच प्रयोग करून १८८५ सालीं दाखविलें कीं, पाठ केलेल्या निरर्थक अक्षरांचा मोठा भाग पहिल्या दिवसाच्या आंतच निसटतो, व पुढें ही गळती मंदावते. तिला आळा कसा घालावा? २००६ सालीं रोडिगर व कार्पिक या संशोधकांनीं अमेरिकेंतील विद्यार्थ्यांस उतारे दिले. कांहींनीं ते पुनःपुन्हां वाचले. कांहींनीं वाचून बाजूस ठेवले व आठवून लिहून काढले. पांच मिनिटांनीं परीक्षा घेतली तेव्हां वाचणारे पुढें होते. आठवड्यानें घेतली तेव्हां आठवणारे पुढें गेले. वाचतांना शब्द ओळखीचे वाटतात, आणि ओळख म्हणजेच ज्ञान अशी मुलाची फसगत होते, हें यांतील मर्म होय.

"आम्ही शिकलेलों नाहीं, आम्ही काय शिकविणार?" असें अनेक माउल्या म्हणतात. त्यांस आमचें उत्तर असें कीं, येथें शिकवावयाचें नसून ऐकावयाचें आहे. जेवणें आटोपल्यावर पुस्तक मिटवून मुलास म्हणावें, "आज बाईंनीं काय सांगितलें, तें मला सांग." तें अडेल तेथें त्यानें पुस्तक उघडून पाहावें व पुन्हां मिटवावें. तोच धडा दुसरे दिवशीं थोडक्यांत विचारावा, आठवड्यानें आणखी एकदां विचारावा. शाळा इंग्रजी असली तरी मुलानें मराठींत सांगावें. आईस समजेल असें ज्याला सांगतां आलें, त्याला धडा समजला. आपल्याकडील परवचा याच जातीचा होता. रोज ठराविक वेळीं पुस्तकावांचून म्हणणें हा त्यांतील गुण राखावा. अर्थ न कळतां म्हणणें हा दोष टाकावा.

यास जागा कोठें, वेळ कोठें, असा प्रश्न निघेल. तो खोटा नाहीं. १९२० नंतरच्या दशकांत सरकारनें बांधलेल्या नायगांवच्या ४२ बी. डी. डी. चाळींत एका बिऱ्हाडास १६० चौरस फुटांची खोली मिळे, व तींत सारें कुटुंब नांदे. परंतु जवळच परळच्या डबक चाळींत असेंच एक खोलीचें बिऱ्हाड होतें. तेथें रामजी सकपाळ रात्रीं दोनपर्यंत जागत, मग मुलास अभ्यासास उठवीत, आणि त्याच्या रिकाम्या झालेल्या जागीं स्वतः आडवे होत. तो मुलगा १९०७ सालीं मॅट्रिक झाला. पुढें त्यास जगानें डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हणून ओळखिलें. अपरात्रीं मुलास उठवावें असें आमचें म्हणणें नाहीं. पुरेशी झोप ही स्मरणशक्तीची सखीच आहे. बापानें आपल्या विश्रांतींतला वांटा मुलास दिला, हें ध्यानांत घ्यावयाचें.

हें काम एकट्या आईच्या गळ्यांत घालणेंही योग्य नव्हे. दहा मिनिटें मोबाइल खालीं ठेवण्याइतकी सवड बापासही काढतां येते. आणि भाऊ धडा सांगत असतां बहिणीस भांडीं घासावयास बसविणाऱ्या घरानें आपण शिक्षणाचे कैवारी आहों, असें म्हणूं नये. तिचा पाठही त्याच वेळीं, त्याच आस्थेनें ऐकिला पाहिजे.

चाळींच्या जागीं आतां उंच इमारती होत आहेत. रहिवाशांस ५०० चौरस फुटांचीं घरें ठरलीं आहेत. ही गोष्ट आनंदाची खरीच. परंतु मुलाचें ऐकून घेणारें माणूस सरकारी योजनेंतून मिळत नसतें. तें ज्याचें त्यानेंच व्हावयाचें असतें. आजच्या रात्रीपासून तसा आरंभ करावा, एवढीच आमची नायगांवकरांस विनंती आहे.